क्षमेचा नित्यनेम

आज नाताळ. गोव्यात, वसईत, मुंबईच्या जुन्या गावठाणांत आणि अहिल्यानगर-जालन्याकडील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती कुटुंबे मध्यरात्रीची उपासना आटोपून घरी परतली असतील. दारावर कागदाची चांदणी, ओसरीत गोठ्याचा देखावा आणि शेजारच्या घरी पाठवावयाचे फराळाचे ताट हे दृश्य आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. गोव्याच्या नाताळातली नेवरी आणि आपल्या दिवाळीतली करंजी या तर सख्ख्या बहिणीच होत. सणाच्या दिवशी शेजाऱ्याचा धर्म असा ताटातून घरात येतो आणि गोड लागतो. परंतु सण सरल्यावर, उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत, हा शेजारी आपला धर्म कसा जगतो याची चौकशी आपण क्वचितच करतो. आज ती करावी असे आम्हांस वाटते.

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. सण-उत्सव हे नैमित्तिक. स्नान, संध्या, देवपूजा, दारी आलेल्या अतिथीस अन्न हे नित्य. नैमित्तिकाचा थाट मोठा असतो, परंतु नित्य चुकले तर दोष लागतो असे शास्त्र सांगते. ज्या घरात पहाटे तुळशीला पाणी घातल्यावाचून चूल पेटत नसे, त्या घरातील वृद्धांना या भेदाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ख्रिस्ती माणसाचेही असे नित्यकर्म आहे. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आणि रविवारची उपासना हा त्याचा बाह्य भाग झाला. येशूने मात्र आपल्या अनुयायांवर याहून दोन अवघड कामे सोपविली: समाजाने ज्याला टाकले त्याची सेवा करणे आणि ज्याने आपले वाईट केले त्याला क्षमा करणे. ही दोन्ही कामे रोजची आहेत, आणि रोज करावयाची म्हणूनच ती अवघड आहेत.

हे काम खरोखर कोणी करते का, केले तर ते कसे साधते आणि त्याचे समाजावर कोणते ऋण चढते, हे पाहण्यासाठी आम्ही एक घटना निवडली आहे. ती घडून पाव शतक उलटले आहे. परंतु २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत ती पुन्हा वृत्तपत्रांच्या पानांवर आली, आणि तिने आपणा सर्वांपुढे ठेवलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

बारिपदा येथील कुटुंब

ओडिशाच्या उत्तरेस मयूरभंज जिल्हा आहे. बारिपदा हे त्याचे मुख्य ठिकाण. येथील जगन्नाथाची रथयात्रा इतकी प्रसिद्ध की या गावाला दुसरे श्रीक्षेत्र म्हणतात, आणि सुभद्रेचा रथ येथे स्त्रिया ओढतात. अशा या भाविक नगरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती मिशनचे कुष्ठसेवेचे काम चालत आले. १९६५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातून ग्रॅहम स्टेन्स नावाचा चोविशीच्या आसपासचा तरुण तेथे आला आणि तेथलाच झाला. तो ओडिया बोलू लागला, संथाळांमध्ये मिसळला, आणि पुढे त्या कुष्ठधामाची व्यवस्था त्याच्याकडे आली. १९८३ साली त्याचा विवाह ग्लॅडिस या परिचारिकेशी झाला. ईस्थर ही थोरली मुलगी आणि फिलिप व टिमोथी हे दोन मुलगे, असा त्यांचा संसार बारिपद्यातच फुलला.

२२ जानेवारी १९९९ रोजी स्टेन्स आपल्या दोन्ही मुलांना घेऊन केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर या आदिवासी गावी गेले होते. तेथे ख्रिस्ती मंडळींचा वार्षिक मेळावा होता. थंडी कडक होती. बाप आणि मुलगे गाडीतच झोपले. मध्यरात्रीनंतर जमावाने येऊन त्या गाडीला आग लावली. आतील तिघांना बाहेर पडू दिले नाही. फिलिप दहा वर्षांचा होता, टिमोथी सहा वर्षांचा. तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी या कृत्याचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला. देशभर शरमेची लाट उसळली, आणि ती शरम खरी होती. आमच्या पिढीतील अनेकांना त्या सकाळचे वर्तमानपत्र अजून आठवत असेल.

घरी राहिलेल्या ग्लॅडिसबाईंना ही बातमी तेरा वर्षांच्या मुलीला सांगावी लागली. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांनी जे सांगितले ते साऱ्या देशाने ऐकले. मारेकऱ्यांविषयी आपल्या मनात द्वेष नाही, आपण त्यांना क्षमा केली आहे, त्यांना पश्चात्ताप व्हावा अशी आपली इच्छा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अंत्यविधीच्या वेळी आई आणि मुलगी यांनी मिळून एक भक्तिगीत म्हटले. न्यायमूर्ती वाधवा यांच्या चौकशी आयोगापुढेही त्यांनी सूडाची मागणी केली नाही.

त्या वेळी पुष्कळांना हे अलौकिक वाटले, आणि काहींना खोटे वाटले. पती आणि दोन लेकरे अशी गमावलेली बाई दुसऱ्या दिवशी क्षमेची भाषा बोलते, तिचे दुःख आहे तरी कुठे, असेही लोक म्हणाले. आम्हांस वाटते, या दोन्ही मतांत एकच चूक आहे. दोघांनीही क्षमा ही त्या दिवशीची भावना आहे असे मानले. ती त्या दिवशीची नव्हती. ती अनेक वर्षांच्या नित्यनेमातून आली होती, आणि तो नित्यनेम कोणता हे समजून घ्यावयाचे तर कुष्ठधामाच्या आत जावे लागेल.

जखमा धुण्याचे काम

कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टराने १८७३ साली शोधला. हा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो आणि हातापायांची संवेदना नाहीशी करतो. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी दुखत नाही. सामान्य माणूस पायात खडा टोचला की थांबतो. हा रुग्ण त्याच पायावर दिवसभर चालतो आणि रात्री मोज्याला रक्त लागलेले पाहतो. बोटे झडतात अशी आपल्याकडची समजूत आहे. वस्तुतः न दुखणाऱ्या जखमा पुन्हा पुन्हा होतात, चिघळतात, आणि त्यांतून बोटे आखूड होत जातात. वेदना हा शत्रू नसून पहारेकरी आहे, हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिले. वाकड्या झालेल्या बोटांना शस्त्रक्रियेने पुन्हा कामास लावण्याची विद्या त्यांनी तेथेच विकसित केली.

म्हणून कुष्ठधामातील मुख्य काम औषधाच्या गोळीने संपत नाही. रोज पाय पाण्यात भिजवावयाचे, कोरडी कातडी घासून काढावयाची, वर तेल चोळावयाचे, आणि तळवा डोळ्यांनी तपासावयाचा, कारण तो आपली तक्रार स्वतः सांगू शकत नाही. जखम असेल तर धुवावयाची आणि पट्टी बांधावयाची. चुलीवरचे भांडे फडक्याने धरण्याची सवय लावावयाची, मऊ रबराच्या चपला करून द्यावयाच्या. आज झाले म्हणून उद्या चुकवता येत नाही. जखम धुणाऱ्याला पहिल्या दिवशी दुर्गंधी येते, दहाव्या दिवशी कंटाळा येतो, आणि शंभराव्या दिवशी कोणी पाहातही नसते. भावनेच्या भरात माणूस एक दिवस जखम धुऊ शकेल. वीस-तीस वर्षे धुवावयाची तर तेथे भावना पुरत नाही, व्रत लागते.

आपल्या महाराष्ट्राला हे काम परके नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने ग्रस्त होऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना जवळ ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. आणि बाबा आमटे यांची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. पावसात गटाराकडेला पडलेला, झडलेला तुळशीराम पाहून बाबा प्रथम भिऊन पळाले होते; त्या भीतीची लाज वाटून ते परतले, आणि १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाचा आरंभ झाला. बाबांसारखा निर्भय पुरुषही पहिल्या दिवशी पळाला, ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली म्हणून आम्ही आवर्जून नमूद करतो. सेवेचे धैर्य जन्मजात नसते. ते परत येण्याने, आणि रोज परत येण्याने, अंगी बाणते.

बारिपद्याच्या कुष्ठधामातही हेच परत येणे चालले होते. जगाने ज्याला दाराबाहेर काढले त्याला शिवणे हा त्या घराचा नित्यक्रम होता. ज्या हातांनी वर्षानुवर्षे किळस जिंकली, त्या हातांना द्वेष जिंकण्याचा सराव झालेला असतो असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. किळस आणि द्वेष या दोहोंत माणूस समोरच्याकडे पाठ फिरवितो. सेवा आणि क्षमा या दोहोंत तो पुन्हा तोंड वळवितो.

प्रार्थनेतील अट

येशूने शिष्यांना शिकविलेली एक लहानशी प्रार्थना आहे. जगातील बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ ती म्हणतात, आणि भाविक घरांत ती रोज म्हटली जाते. त्या प्रार्थनेत देवाजवळ रोजची भाकर मागितली आहे आणि त्याच्या पाठोपाठ अपराधांची क्षमा मागितली आहे. परंतु ही क्षमा बिनशर्त मागितलेली नाही. आम्ही आमच्या अपराध्यांना जशी क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, असा तिचा भाव आहे. म्हणजे प्रार्थना करणारा रोज स्वतःलाच अडकवून घेतो. किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे का, असे एका शिष्याने विचारले असता येशूने तो आकडा असा वाढविला की मोजदाद करणेच व्यर्थ ठरावे, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. भाकर जशी रोज लागते तशी क्षमाही रोज लागते, असा या शिकवणुकीचा रोख आहे.

आपल्या वारकरी घरांना यात काही परके वाटणार नाही. पैठणला एकनाथ महाराज गोदास्नान करून येत असता एक मनुष्य त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि महाराज पुन्हा पुन्हा स्नानास गेले, ही कथा आपण लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकली. एकशे आठ वेळा स्नान घडविल्याबद्दल महाराजांनी उलट त्याचेच आभार मानले असे सांगतात. ज्ञानेश्वर माउलींनी ग्रंथाच्या शेवटी विश्वात्मक देवाजवळ जे मागणे मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा तेवढा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी असे मागितले आहे. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांसाठी जी इच्छा व्यक्त केली ती याहून काय निराळी होती? आळंदीची माउली आणि बारिपद्याची परिचारिका यांच्या वाटा वेगळ्या, देवाची नावे वेगळी. परंतु मागणे एकाच जातीचे आहे. जो रोज पसायदान म्हणतो त्याला या बाईची भाषा कळली पाहिजे.

एक शंका आणि तिचे उत्तर

येथे आमच्या काही वाचकांच्या मनात एक शंका उठेल. ती आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. मिशनरी मंडळींची सेवा निर्हेतुक नसते, तिच्या आडून धर्मांतर चालते, असे आपल्या समाजात पुष्कळ लोक मानतात. स्टेन्स हे ख्रिस्ती धर्माचे प्रचारकही होते. त्यांनी ते कधी लपविले नाही आणि आम्हीही लपविण्याचे कारण नाही.

परंतु या शंकेला आपल्या देशात कायदेशीर घर आहे. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. बळजबरीने, आमिषाने किंवा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतरास बंदी घालणारा कायदा ओरिसा राज्याने १९६७ सालीच केला होता. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. या निर्णयावर आजही विद्वानांत वाद आहेत आणि ते वाद व्हावेत. म्हणजे ज्याला स्टेन्स यांच्या कामाबद्दल आक्षेप होता, त्याला पोलीस ठाणे होते, न्यायालय होते, विधिमंडळ होते, वृत्तपत्रे होती. झोपलेल्या दोन मुलांना जाळण्यासाठी मात्र कोणत्याही धर्मशास्त्रात आणि कोणत्याही कायद्यात जागा नाही. ज्या धर्मात बालकाला देवाचे रूप मानून बाळकृष्णाचा पाळणा हलवितात, त्या धर्माच्या नावाने हे झाले, याहून त्या धर्माची मोठी विटंबना कोणती असू शकेल?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेवेच्या नित्यनेमासारखा द्वेषाचाही एक नित्यनेम असतो. माणसे एका रात्रीत मशाल हाती घेत नाहीत. त्याआधी कितीतरी दिवस चावडीवर, चहाच्या दुकानात, ओट्यावर थोडे थोडे बोलले गेलेले असते. ऐकीव गोष्ट खात्रीची होते, शेजारी परका होतो, परका शत्रू होतो. त्याच राज्यात २००८ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या रात्री, स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली आणि त्यानंतर कंधमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्या पेटल्या. संन्याशाची हत्या हेही पाप आणि गरिबांची घरे जाळणे हेही पाप. दोन्हींमागे तोच दीर्घकाळचा सराव होता.

क्षमा आणि दंड

आता या प्रकरणाच्या न्यायालयीन बाजूकडे वळू. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केल्यावर २००३ साली खुर्दा येथील न्यायालयाने दारासिंग याला फाशीची आणि अन्य बारा जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २००५ साली ओरिसा उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, महेंद्र हेंब्रम याची जन्मठेप कायम ठेवली आणि उरलेल्या अकरा जणांना मुक्त केले. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय उचलून धरला. त्या निकालपत्रातील धर्मांतरासंबंधीच्या काही शेऱ्यांवर आक्षेप आले, तेव्हा न्यायालयाने चार दिवसांतच ते शेरे स्वतः बदलले. दारासिंगने आपल्या सुटकेसाठी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आणि एप्रिल २०२५ मध्ये हेंब्रम याची, सुमारे पंचवीस वर्षांच्या कारावासानंतर, चांगल्या वर्तणुकीच्या कारणावरून केओंझरच्या तुरुंगातून सुटका झाली.

या सुटकेच्या निमित्ताने पुन्हा बोलले गेले की, बाईंनीच क्षमा केली आहे, मग आता राहिले काय? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. ग्लॅडिसबाईंनी स्वतः आरंभापासून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. क्षमा ही आपल्या अंतःकरणाची बाब आहे आणि गुन्ह्याचे परिणाम ही कायद्याची बाब आहे, यांची गल्लत होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. हा भेद सूक्ष्म आहे, पण फार महत्त्वाचा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपल्या मनातील वैर सोडू शकतो. राज्यसंस्थेला मात्र तसे करता येत नाही. तिच्यावर उद्याच्या बालकांच्या रक्षणाचा भार आहे. आपल्या परंपरेतही साधूचे भूषण क्षमा आणि राजाचे कर्तव्य दंड असे सांगितलेले आहे. राजाने साधूची क्षमा पुढे करून आपला दंड टाळणे हा अधर्म होय.

कैद्याला सुधारण्याची संधी मिळावी आणि नियमांत बसत असेल तर त्याला सोडावे, यास आमचा विरोध नाही. तो कारागृहाच्या नियमांचा प्रश्न आहे आणि सर्व कैद्यांना तो सारखाच लागू व्हावा. आमचे म्हणणे वेगळे आहे. क्षमा करण्याचा अधिकार एकट्या त्या आईचा होता. तिने तो वापरला. तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपणापैकी कोणालाही नाही, आणि तिने क्षमा केली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्याचा तर मुळीच नाही. तिने आपल्या बाजूचा हिशेब मिटविला. समाजाच्या बाजूचा हिशेब मिटलेला नाही. उलट, ज्याला क्षमा मिळते त्याच्यावर ऋण चढते. आणि जमावाने आपल्या धर्माचे नाव घेतले असल्यामुळे त्या ऋणाचा काही अंश आपल्या घरादारांवरही आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

त्याच न्यायाने आणखी एक सावधगिरी हवी. अन्याय झालेल्या प्रत्येक माणसापुढे ग्लॅडिसबाईंचे उदाहरण धरून, बघा त्यांनी क्षमा केली, तुम्हीही करा, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. क्षमा मागून घेता येते. वसूल करता येत नाही. ज्याच्या मनातून राग जात नाही तो पापी ठरत नाही. त्याला न्याय, वेळ आणि सोबत यांची गरज असते.

पुढची पाच वर्षे

क्षमेच्या वाक्याची बातमी झाली. त्यापुढच्या दिवसांची तेवढी झाली नाही. आमच्या मते खरी गोष्ट तेथेच आहे. ग्लॅडिसबाई मायदेशी निघून जाऊ शकल्या असत्या, आणि कोणी त्यांना दोष दिला नसता. त्या बारिपद्यातच राहिल्या. ज्या घरात दोन पलंग रिकामे झाले होते त्याच घरात त्या राहिल्या, त्याच रस्त्याने कुष्ठधामात गेल्या आणि पतीने सांभाळलेले काम त्यांनी पुढे पाच वर्षे सांभाळले. त्यांच्या पतीच्या स्मरणार्थ २००४ साली बारिपद्यास रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी त्या ऑस्ट्रेलियास परतल्या, आणि २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. एकदा उच्चारलेली क्षमा अशी रोज सकाळी उठून पुन्हा करावी लागते. शेजारून जाणारा कोणता मनुष्य त्या रात्री कोठे होता हे ठाऊक नसताना त्याला नमस्कार करावा लागतो. त्या पाच वर्षांत असे किती नमस्कार घडले असतील याची नोंद कोठेही नाही. ख्रिस्ती श्रद्धा दैनंदिन जीवनात जगणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर आम्हांला सापडत नाही.

त्यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्या रुग्णांचे काम अजून संपलेले नाही. अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची पद्धत १९८० च्या दशकात आली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात, त्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाची भीती लवकरच उरत नाही. २००५ च्या अखेरीस देशाने, दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठले. तरीही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. पती किंवा पत्नीला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांत होती. ती जाण्यास २०१९ साल उजाडावे लागले. कायद्यातून ती गेली. घरातून, सोयरिकीतून, पंगतीतून ती गेली आहे का, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या देवघरासमोर बसून करावा. अंगावर न दुखणारा, बधिर चट्टा दिसला तर तो लपविण्याऐवजी दवाखान्यात दाखवावा, आणि बरा होऊन आलेल्या माणसाला त्याच ताटात, त्याच पाटावर जेवावयास बसवावे, एवढे जरी आपल्या घरांनी केले तरी ती मोठी सेवा होईल.

क्षमेचेही तसेच आहे. आपल्यावर मनोहरपूरसारखा प्रसंग ईश्वर कधीही न आणो. परंतु भावाभावांतील बांधाचा तंटा, जावांतील अबोला, शेजाऱ्याने वर्षापूर्वी बोललेला शब्द, हे तर प्रत्येक घरात आहे. मोठ्या क्षमेचा सराव या लहान क्षमांतूनच होतो. आणि परधर्मीय शेजाऱ्याविषयी कोणी ओट्यावर विषारी गोष्ट सांगू लागला, तर ती पुढे न पाठविणे आणि नम्रपणे थांबविणे हाही एक नित्यनेमच आहे. द्वेषाचा सराव मोडावयाचा तो अशाच ठिकाणी मोडतो.

आज संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती घरातून फराळाचे ताट येईल. ते रिकामे परत पाठविण्याची आपल्याकडे रीत नाही. त्यात आपल्या घरचे काही गोड घालून ते परत करावे, आणि मनात त्या दोन बालकांचे स्मरण ठेवावे. त्यांच्या आईने ज्या कामात स्वतःला वाहून घेतले, ते काम करणारे हात सर्व धर्मांच्या घरांतून वाढोत, अशी प्रार्थना करून आम्ही आमच्या सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा देतो.